मॉडफ्लो 6 घरच्या लॅपटॉपवर: काळी खिडकी चमकून जाते, आणि चालवलं तर सगळं कोरडं

कऱ्हाकाठ:

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात कऱ्हेला मिळणाऱ्या एका ओढ्याचं पाणलोट आहे, पाच किलोमीटर लांब आणि चार रुंद असं धरा. गावाने पाण्याचा ताळेबंद मांडलाय, 14 विहिरींच्या पातळ्यांच्या नोंदी आहेत. मी भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलंय, पण कॉलेजात मॉडेलिंग म्हणजे फळ्यावरचं डार्सीचं सूत्र (जमिनीतून पाणी किती वाहतं त्याचं), एवढंच. मला बघायचंय ते असं: वरच्या अंगाला नवीन बोअर पडले तर खालच्या विहिरींना मे महिन्यात काय भोगावं लागेल.

लॅपटॉप भावाचा आहे. आय-थ्री, 8 जीबी रॅम, विंडोज 11. यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाच्या, साइटवरून मॉडफ्लो 6 ची झिप (जमिनीखालचं पाणी कसं वाहतं याचं गणित करणारा प्रोग्राम) उतरवली, डेस्कटॉपवर ‘भूजल मॉडेल’ नावाच्या फोल्डरमध्ये उघडली. एमएफ6 वर डबल क्लिक केलं की काळी खिडकी चमकते आणि लगेच जाते. सेटअप नावाची फाइल कुठेच नाही. म्हणजे इन्स्टॉल झालं की नाही?

मग मॉडेलम्यूज घेतलं, मॉडफ्लोचं मॉडेल माउसने आखायचा प्रोग्राम. त्यात चौकट आखली, विहिरी टाकल्या, प्रत्येकीला उणे 120 (पाच एचपीची मोटर, दिवसाला साधारण 120 घनमीटर). पुनर्भरणाचा आकडा एका शोधनिबंधातून घेतला. पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज जातं तो आकडा) होती तशीच ठेवली. एमएफ6 कुठे आहे ते विचारलं, दाखवलं, चाललं. पण उत्तरात जिकडे तिकडे उणे 1 आणि पुढे 30 शून्यं. रंगीत नकाशा येतच नाही.

ओळखीतला एक जण म्हणतो, विकतच्या पॅकेजची क्रॅक केलेली प्रत पेनड्राइव्हवर देतो, त्यात सगळं आपोआप होतं. घेऊ का? की लॅपटॉपच कमी पडतोय?

जुना खडक:

ताई, पेनड्राइव्ह परत करा. विकतच्या बहुतेक पॅकेजांच्या पोटात शेवटी हेच मॉडफ्लो असतं. अमेरिकन सरकारच्या खर्चाने लिहिलेलं आहे, 1984 पासून कोणालाही फुकट. आणि लॅपटॉपचा यात काही दोष नाही. तुमचं पाणलोट 50 मीटरच्या चौकोनी घरांत कापलं तर 100 गुणिले 80, म्हणजे 8,000 घरं. तीन थर धरले तर 24,000. एवढं गणित हा लॅपटॉप चहाला आधण येईपर्यंत उरकतो.

सेटअप सापडला नाही कारण तो नसतोच. झिप उघडली की झालं इन्स्टॉल. एमएफ6 ला खिडक्या-बटणं काही नाहीत. ते ज्या फोल्डरमधून चालवाल तिथे एमएफसिम.नॅम नावाची फाइल शोधतं. ती नसली तर ‘चालू फोल्डरमध्ये फाइल नाही’ अशी तक्रार छापून बंद होतं. तुम्हाला चमकून गेलेलं दिसलं ते हेच. डबल क्लिक करायची सवय इथे कामाची नाही, कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायचा.

जागाही बदला. डेस्कटॉप आजकाल बऱ्याचदा वनड्राइव्हच्या ताब्यात असतो. मॉडेल लिहितंय आणि त्याच वेळी तो फाइल वर चढवतोय अशी ओढाताण होते. फोल्डरच्या नावात देवनागरी नको, मोकळी जागाही नको. जुन्या फोरट्रानी प्रोग्रामांना दोन्ही मानवत नाहीत. सी ड्राइव्हवर डब्ल्यूआरडीअॅप नावाचं फोल्डर करा, यूएसजीएसचे प्रोग्राम परंपरेने तिथेच ठेवतात आणि मॉडेलम्यूजही तिथेच शोधतं. मॉडेलची फोल्डरं वेगळी, सी ड्राइव्हवरच, छोट्या रोमन नावांनी. विंडोजने अनोळखी प्रोग्राम म्हणून निळी पाटी दाखवली, तर फाइल यूएसजीएसच्याच साइटवरची आहे याची खात्री करून पुढे जा.

झिपमध्ये एक्झाम्पल्स फोल्डर आहे. त्यातलं टीडब्ल्यूआरआय नावाचं उदाहरण घ्या. 15 ओळी, 15 स्तंभ, मॅकडॉनल्ड आणि हार्बॉ यांच्या मूळ पुस्तिकेपासून चालत आलेलं. त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एमएफ6 चा पूर्ण पत्ता टाइप करा. शेवटी ‘नॉर्मल टर्मिनेशन ऑफ सिम्युलेशन’ आलं की इन्स्टॉलचा विषय संपला, त्यावर पुन्हा डोकं घालू नका.

आता कोरडं पडण्याचं. उणे 1 वर 30 शून्यं म्हणजे ‘हे घर कोरडं झालं’ अशी खूण, पाण्याची पातळी नव्हे. ते का झालं हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. मॉडेलम्यूज वेळेचं एकक सेकंद धरून उघडतं. तुम्ही पारगम्यता ‘होती तशीच’ ठेवलीत, म्हणजे 0.0001, मीटर प्रति सेकंद. दिवसाला 8.64 मीटर. ठीक आहे, मुरमाला चालून जाईल. शोधनिबंधातलं पुनर्भरण कोणत्या एककात होतं तेही बघा. आणि विहिरीला उणे 120, दिवसाच्या हिशेबाने. मॉडफ्लोने ते प्रति सेकंद वाचलं. 120 घनमीटर प्रति सेकंद म्हणजे 4,238 क्युसेक. खडकवासल्यातून मुठेत एवढं पाणी सोडलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, तुम्ही ते एकेका विहिरीतून चौदा ठिकाणी उपसताय!

वेळेचं एकक दिवस करा. पण एकक बदललं म्हणून आधी भरलेले आकडे आपोआप बदलतील असं समजू नका, एकेक तपासून पुन्हा भरा. मॉडफ्लोला एकक कळत नाही, त्याला नुसते आकडे कळतात.

आणि ओढा आत्ता बाजूला ठेवा. आधी हे करा: एक ओळ, 11 स्तंभ, प्रत्येक घर 100 मीटरचं चौरस, एक थर, वरची बाजू 30 मीटर, तळ 10 मीटर, थर बंदिस्त (वरून झाकलेला, पाणी दाबाखाली) ठेवा, पारगम्यता 5. पहिल्या घरात पातळी 60 ला बांधा, शेवटच्या घरात 50 ला. विहीर नाही, पाऊस नाही. डार्सीने कागदावर करा: 5 गुणिले 20 गुणिले 100, गुणिले 10 भागिले 1,000. दिवसाला 100 घनमीटर. मॉडफ्लो लिहितं त्या लिस्ट फाइलच्या शेवटी ताळेबंद छापलेला असतो, त्यात आत 100, बाहेर 100, आणि टक्केवारीतला फरक शून्याच्या आसपास यायला हवा. 10 स्तंभ घेतलेत तर 111 येतील. का, ते शोधा. त्यात मॉडफ्लो पातळी घरात कुठे मोजतं ते कळेल.

नदीपार (डेल्फ्ट):

जुना खडक यांच्या सगळ्याशी सहमत, फक्त मॉडेलम्यूजऐवजी पायथॉनची वाट सुचवतो, फ्लोपाय नावाच्या साधनाने मॉडेल स्क्रिप्टमध्ये लिहायची. पिप इन्स्टॉल फ्लोपाय, मग गेट-मॉडफ्लो, एक मोकळी जागा, अपूर्णविराम आणि त्याला चिकटून फ्लोपाय (अर्थात रोमनमध्ये टाइप करायचं). एमएफ6 पासून झोनबजेटपर्यंत (भागवार ताळेबंद काढणारा) सगळे प्रोग्राम योग्य जागी येऊन बसतात. लिनक्स आणि मॅकवरही हेच चालतं. मॉडेलम्यूज विंडोजपुरतं आहे.

माझं म्हणणं एवढ्यासाठी की वर्षभराने ‘त्या विहिरीला मी काय दिलं होतं’ हे स्क्रिप्ट उघडली की दिसतं. माउसने केलेलं कुठे दिसतं? इथे डेल्टारेस या डच जलसंशोधन संस्थेची मंडळी यूएसजीएसबरोबर मॉडफ्लो 6 वरच काम करतात, त्यामुळे आजूबाजूला सगळे स्क्रिप्टच लिहितात, ती सवय मलाही लागलीय.

‘प्रोग्राम एमएफ6 डझ नॉट एक्झिस्ट’ असं आलं तर घाबरू नका. फ्लोपायला एमएफ6 चा पत्ता मिळालेला नाही, एवढाच अर्थ.

जुना खडक:

स्क्रिप्ट चांगलीच. पण ज्या माणसाने पाणलोट पायी फिरून बघितलंय त्याने पहिलं मॉडेल डोळ्यांसमोर आखावं. विहिरीवर टिचकी मारली आणि ती टेकडीच्या पलीकडे निघाली, तर ती चूक स्क्रिप्टमध्ये चार दिवस लपून राहते. दुसऱ्या मॉडेलपासून फ्लोपाय, माझी हरकत नाही.

नकाशाचं राहिलंच. शेपफाइल अक्षांश-रेखांशात असेल तर आधी क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी पद्धत) 43 उत्तर विभागात बदला (नागपूरकडच्यांनी 44). नाहीतर पाच किलोमीटरचं पाणलोट मॉडेलमध्ये पाच सेंटीमीटरचं होतं, कारण अंशालाच मीटर समजलं जातं.

मुरूमगोटा:

मला एक कळत नाही. डार्सीचं सूत्र वाळूचं. आपल्याकडे काळा पाषाण. पाणी वाहतं ते भेगांतून. एका विहिरीला पाणी, शेजारचं 20 फुटांवरचं बोअर कोरडं ठाक. त्यात घरं पाडून पारगम्यता 5 आणि 8 लिहिण्याला काय अर्थ आहे? तालुक्याच्या तरुणांनी या नादापेक्षा पातळ्या नीट मोजाव्यात.

जुना खडक:

पातळ्या मोजाव्यात हे शंभर टक्के. पण अर्थ नाही असं नाही. एकेका बोअरचं भविष्य मॉडफ्लोला विचारू नये, तिथे तुमचं बरोबर. पाणलोटाच्या पातळीवर, भेगांचा सगळा गुंता सरासरीने एक सच्छिद्र थर मानून, ओढ्याकडे किती जातं आणि उपशात किती, हे बऱ्यापैकी सांगता येतं. फक्त आकडे बेसाल्टचे हवेत. पुस्तकातल्या वाळूचा विशिष्ट जलप्राप्ती गुणांक (पातळी उतरली की थरातून सुटणाऱ्या पाण्याचं प्रमाण) 0.2 उचलला की खेळ खलास. बेसाल्टला 0.02 च्या आसपास धरतात. 600 मिलिमीटर पावसातलं 10 टक्के मुरलं, 60 मिलिमीटर. 0.02 ने पातळी तीन मीटर चढते. 0.2 ने 30 सेंटीमीटर. कोणता आकडा खरा ते दिवाळीत विहिरीत डोकावणाऱ्याला विचारा.

आता ताईंचा मूळ प्रश्न. बोअर वरच्या अंगाला, खोल. विहिरी मुरमात आणि त्याखालच्या फुटक्या खडकात, उथळ. मध्ये घट्ट पाषाण, कुठे कुठे लाल मातीचा, गेरूसारखा थर. बोअरचा उपसा विहिरीला भोवतो की नाही हे ठरवणारा आकडा एकच: थरांमधली उभी पारगम्यता. मॉडेलम्यूज तो न विचारता आडव्याचा दहावा भाग धरून भरतं. म्हणजे ज्या प्रश्नासाठी एवढी खटपट, त्याचं उत्तर तुम्ही काही लिहायच्या आधीच त्या खिडकीत लिहिलेलं आहे! मधल्या घट्ट थराला दहावा भाग, शंभरावा, हजारावा असं तीनदा चालवा. तिन्हींत विहिरींची मे महिन्याची पातळी सारखीच आली तर निर्धास्त व्हा. आली नाही, तर एखादं चालू बोअर बघून ते सुरू असताना जवळच्या विहिरीत टेप सोडून बसा. तो एक दिवस कॉम्प्युटरपुढच्या महिन्याच्या बरोबरीचा.

आणि 14 विहिरी म्हणजे नोंद असलेल्या 14. वीस चौरस किलोमीटरमध्ये मोटरी किती आहेत? 60 मिलिमीटर मुरलं तर वर्षाला 12 लाख घनमीटर. तुमच्या 14 विहिरी रोज 120 ने वर्षभर चालल्या तरी 6 लाख 13 हजार. उरलेलं सगळं ओढ्याने जातं असं मॉडेल म्हणेल, आणि ओढा तर डिसेंबरात आटत असेल. शेतीपंपांच्या वीजजोडण्यांची यादी मिळवा.

कऱ्हाकाठ:

सगळ्यांचे आभार. टीडब्ल्यूआरआय चाललं. मग 11 घरांचं केलं, आत 100, बाहेर 100. दहा घरांचं कोडंही सुटलं: पातळी घराच्या मध्यावर बांधली जाते, म्हणून मधलं अंतर 900 मीटरच उरतं. आई म्हणाली, एवढ्या खटाटोपाने शंभरच आले होय.

एकक दिवस करून सगळे आकडे पुन्हा भरले. ओढा अजून आटतच नाही, म्हणजे वीजजोडण्यांची यादी लागणारच. ग्रामसेवकांकडे विचारलंय. आता वरच्या अंगाच्या चारपाच विहिरी मार्चनंतर कोरड्या होतात आणि पुन्हा पावसाळा आला तरी मॉडेलमध्ये जिवंतच होत नाहीत. खऱ्या विहिरी दरवर्षी भरतात.

जुना खडक:

साध्या पद्धतीत घर एकदा कोरडं झालं की गणितातून बाहेर पडतं. दोन उपाय. न्यूटन-रॅफसनचा पर्याय चालू करा, त्यात घर बाहेर टाकलं जात नाही, पातळी तळाखाली गेली तरी हिशेबात राहतं. आणि मॉडफ्लोच्या विहिरींच्या भागात (पॅकेजमध्ये) ऑटो-फ्लो-रिड्यूस लावा, म्हणजे पाणी तळाला गेलं की उपसा आपोआप कमी होईल. शेतकरीही तेच करतो, मोटर तासभर चालवून बंद.

फक्त एक बघा: तो पर्याय लावल्यावर तुम्ही सांगितलेला उपसा आणि प्रत्यक्षात झालेला उपसा वेगळे होतात. प्रत्यक्षातला लिस्ट फाइलच्या ताळेबंदात असतो. पुढचा प्रश्न टाकाल तेव्हा तो भाग इथे चिकटवा, रंगीत नकाशा नको.