अनुभव धागा: साधी एमटीबी (माउंटन बाईक) सुधारत बसलात की सरळ चांगली घेतलीत?

माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेली एमटीबी आहे. तेव्हा खिशाला झेपली ती सगळ्यांत स्वस्त: २१ गिअर, २६ इंची चाकं, पुढे शॉकअप, तारेचे डिस्क ब्रेक. गेल्या वर्षीपर्यंत डांबरी रस्ता सोडला नव्हता. आता मित्रांच्या नादाने मातीच्या वाटा, दगडधोंडे सुरू झालेत आणि तिचं अंग अंग कुरकुरायला लागलंय. गिअर त्याच्या मनाला येईल तेव्हा पडतो. उतारावर ब्रेक ओरडतात जास्त, थांबवतात कमी. एका कागदावर यादी केली: ब्रेक, शॉकअप, मागचं चाक, गिअर. बेरीज सायकलीच्या मूळ किमतीच्या पुढे गेली. कागद घडी करून ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. बेरीज तीच.

म्हणून हा धागा. स्वस्त सायकलीला एकेक भाग लावत गेलेल्यांनी आणि त्या भानगडीत न पडता सरळ दुसरी घेतलेल्यांनी, दोघांनीही लिहा. 'बजेटवर अवलंबून आहे' एवढं म्हणून पळू नका, ते मलाही कळतं. काय बदललं, काय बसलंच नाही, कुठे थांबलात, ते सांगा. फजितीला खास जागा राखून ठेवलीय.

—

फजिती म्हणालात ना, मग पहिला मान माझा.

मला फक्त ब्रेक बदलायचे होते. रबर रिमवर घासणारे जुने ब्रेक काढून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाचे, डिस्क लावायचे, बस. फ्रेमला मागे कॅलिपरसाठी (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) भोकं होती, त्यावरच भुललो. ब्रेक घरी आले तेव्हा लक्षात आलं की हबला, चाकाच्या मधल्या तुंब्याला, डिस्क बसवायला जागाच नाही. म्हणून चाकं घेतली. जुन्या मागच्या चाकावर गिअरचे दाते आट्यांनी बसायचे, ते फ्रीव्हील. नव्या चाकाला फ्रीहब, त्यावर दात्यांचा सुटा गठ्ठा सरकवून बसतो, ती कॅसेट. त्यामुळे जुनं फ्रीव्हील बाद. कॅसेट घ्यायचीच तर सातची कशाला, दहाची घेऊ! मग शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), कारण दर क्लिकला तार किती ओढली जाते हे गिअरच्या संख्येनुसार वेगळं असतं. शिफ्टर तसाही बदलावाच लागणार होता, जुना ब्रेकच्या लिव्हरसकट एकाच तुकड्यात होता. मग डिरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. मग चेन. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला कॅलिपरची जागा नव्हती, म्हणून चिमटा. जुन्याची फ्रेममधून हँडलकडे जाणारी दांडी आट्यांची, नव्याची बिनआट्यांची, म्हणून ती ज्यात फिरते तो हेडसेट. हेडसेट बदलला म्हणून हँडल धरणारा स्टेम.

सहा महिन्यांनी मूळ सायकलीतली फ्रेम, सीट आणि घंटी उरली होती. वजन केलं तर जेमतेम किलोभर उतरलेलं, कारण खरी जड होती ती फ्रेमच. दोन वर्षांनी शेवटी दुसरी घेतली. तिची चाकं २९ इंची, मागचा हब १४८ मिमी रुंद, थ्रू अॅक्सलचा, म्हणजे आरपार जाणाऱ्या जाड आसाचा. माझी २६ इंची, १३५ मिमीची, हौसेने घेतलेली चाकं तिच्याकडे नुसती बघत बसली. ब्रेक आणि पेडलं तेवढी नव्या सायकलीवर आली.

—

वरचं वाचून हसलो, पण मागच्या चाकाच्या बाबतीत मी उलट बाजूने बोलणार आहे.

माझं वजन ९५ किलो. दीड वर्षात मागचा अॅक्सल तीनदा गेला: एकदा वाकला, दोनदा तुटला. दरवेळी नवा टाकायचा, छरे बदलायचे, ग्रीस भरायचं, पुन्हा तेच. मला वाटायचं अॅक्सलच हलका मिळतोय. दोष रचनेत होता. फ्रीव्हीलच्या हबमध्ये गिअरच्या बाजूचे छरे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला असतात, त्यामुळे छऱ्यांपासून फ्रेमपर्यंतचा अॅक्सलचा बराच लांब तुकडा आधाराशिवाय असतो. सगळा धक्का त्याच्यावर. फ्रीहबमध्ये छरे पार बाहेरच्या टोकाजवळ असतात, उघडा तुकडा अगदी थोडा राहतो.

मी फ्रीहबचं दुहेरी भिंतीच्या रिमचं एकच चाक घेतलं आणि मोहाला तिथेच दार लावलं. आठ-नऊ-दहा गिअरच्या फ्रीहबवर सातची कॅसेट बसते, मागे ४.५ मिमीची चकती घालायची. शिफ्टर जुना, डिरेलर जुना, चेनसुद्धा जुनीच चालली असती पण ती झिजली होती. फक्त चाक घेण्याआधी फ्रेममध्ये मागचं चाक बसतं तिथलं आतलं अंतर मोजा. माझं १३५ मिमी निघालं म्हणून सुटलो.

त्यानंतर अॅक्सलला हात लावलेला नाही. सायकल अजून तीच आहे आणि मला दुसरी नकोय.

—

शॉकअपबद्दल. स्वस्त शॉकअपमध्ये आत नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारं काही नसतं. दगडावर दबते आणि तशीच जोराने वर फेकते. मी जुना पण चांगल्या प्रतीचा, स्प्रिंगला आवरणाऱ्या तेलाच्या डॅम्परचा शॉकअप मिळवला, हाताने दाबून पाहिला आणि प्रेमातच पडलो. माझा मूळ शॉकअप ८० मिमी दबणारा, हा १२० मिमी दबणारा, म्हणजे तेवढाच लांब. शॉकअपची लांबी साधारण २० मिमी वाढली की हँडलखालच्या दांडीचा कोन एक अंशाने पडतो, म्हणजे माझा दोन अंशांनी पडला. उतारावर मजा आली, खोटं कशाला बोलू. पण चढावर पुढचं चाक हवेत भटकायला लागलं, वळणावर सायकल ऐकेना, आणि आठ-नऊ महिन्यांनी हँडलखालच्या जोडापाशी रंगावर केसासारखी रेघ दिसली. रंग खरवडला. रेघ धातूतही होती.

लांब चिमटा म्हणजे त्या जोडावर लांब तरफ, हे शाळेत शिकलो होतो. तेव्हा आठवलं नाही एवढंच.

आता सांगतो ते कुणाला पटणार नाही. दुसऱ्या तसल्याच फ्रेमला मी शॉकअप लावलाच नाही. साधा, न हलणारा चिमटा लावला, मात्र मूळ शॉकअपच्या लांबीला जुळेल असा बनवलेला, आणि पुढे मावेल तेवढा जाड टायर कमी हवेने. पुढून किलोभराहून जास्त वजन गेलं. सायकल सरळ चालते, हाताला रस्ता कळतो. स्वस्त शॉकअपपेक्षा शॉकअप नसलेला बरा, हे माझं मत आणि मी त्यावर भांडायला तयार आहे.

—

माझा अनुभव छोटा आहे, माझ्या लेकाच्या सायकलीचा. गिअर पडत नाहीत, चेन आऱ्यांत जाते, अशी तक्रार. दोनदा डिरेलर नवा टाकला, एकदा शिफ्टर. तिसऱ्यांदा एका जाणत्या माणसाने सायकल मागून, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली आणि म्हणाला, "ताई, डिरेलर ठीक आहे, तो ज्याला लटकतो तो हँगर वाकलाय." कधीतरी उजव्या अंगाला पडली असणार. हँगर सरळ केला, तारा आणि त्यांच्यावरच्या नळ्या बदलल्या, दहा मिनिटांत सगळे गिअर पडायला लागले. दोन डिरेलर घरात पडून आहेत, कुणाला हवेत का?

—

ताई, हे वाक्य छापून प्रत्येक हँडलला टांगायला हवं. भाग बदलण्याआधी बिघाड शोधा. ब्रेक ओरडतात म्हणून लोक ब्रेक बदलतात. बरेचदा डिस्कवर चेनचं तेल उडालेलं असतं. पॅड नवे, डिस्क स्पिरिटने पुसलेली, मग मध्यम वेगातून वीसेक वेळा पूर्ण न थांबता ब्रेक दाबून पॅड बसवून घ्यायचे. तारेच्या ब्रेकची तारसुद्धा साध्या नळीऐवजी न दबणाऱ्या नळीतून घ्या, बोटाला फरक कळतो.

आणि धागाकर्ते, तुमच्या शॉकअपवर एखादा स्टिकर आहे का ते एकदा पाहाल? काही स्वस्त शॉकअपवर बनवणाऱ्यानेच 'ऑफ-रोडसाठी नाही' असं छापलेलं असतं.

—

सगळे हिशोबाचं बोलताहेत, मी बिनहिशोबाचं बोलते. मी स्वस्त सायकल सुधारली ती सुधारण्यासाठीच. पैसे पाण्यात जाणार हे माहीत होतं.

डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे मी चुकीच्या बाजूला अर्धा तास जोर लावून शिकले. बीबीचा (पेडलांचा आस फिरतो तो भाग) उजवा कप उलट्या आट्यांचा असतो हे मी पाना सटकून बोटाचं पेर फोडून घेतल्यावर शिकले. आरे ताणून चाकाचा आऊट काढायला गेले तेव्हा पहिल्यांदा चाकाचं अंडं केलं. एका वेळी पाव फेराच द्यायचा, हे नंतर कळलं. हे सगळं महागड्या सायकलीवर करायची माझी छाती झाली नसती. पुढे चांगली घेतली तेव्हा ती घ्यायच्या आधी उलटी करून तपासली आणि विकणारा माझ्याकडे बघतच राहिला.

आणि जुन्या सायकली सुधारण्याला नावं ठेवू नका बरं का, हा खेळच त्यातून निघालाय. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारांवर पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या, श्विन कंपनीच्या सायकली पळवायची. त्यांना मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर, ड्रम ब्रेक, डिरेलर असं काय काय जोडायची. पायाने मारायच्या ब्रेकमधलं ग्रीस एका उतारात जळून जायचं, हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक'. पहिली २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली.

—

छान आठवण काढलीत, पण गोष्ट पुरी सांगा की! जुन्या फ्रेम त्या माराला पुरेनात, म्हणून १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने या कामासाठी फ्रेमच नवी बनवली. सुधारणाऱ्यांनीही शेवटी सायकल बदललीच.

माझं स्वतःचं कारण आणखी साधं होतं: माप. स्वस्त सायकल एकाच मापात मिळत होती, तीच घेतली. माझी उंची १८५ सेंमी. गुडघे हँडलला लागायचे, पाठ संध्याकाळी बोलायची. सीटची दांडी लांब घेतली, स्टेम लांब घेतला, हँडल उंच केलं. लांब स्टेमने सायकल बैलगाडीसारखी वळायला लागली. फ्रेम आखूड असेल तर ती कशानेही लांब होत नाही, हे कळायला मला तीन भाग आणि एक वर्ष लागलं.

मग वापरलेली पण योग्य मापाची घेतली. घेताना वेल्डिंगचे जोड नखाने चाचपले, चाकं आडवी हलवून पाहिली, १२ इंचांत चेन झिजून किती लांबलीय ते पट्टीने मोजलं. एक गोष्ट विचारायची राहिली: शॉकअपची सर्व्हिस कधी झाली. बरेच उत्पादक खालच्या नळ्यांचं तेल साधारण ५० तासांनी बदला म्हणतात. माझ्यातून निघालं ते तेल नव्हतं, चहाचा गाळ होता. तरी सांगतो, त्या सायकलीवरून पहिल्यांदा दगडी उतार उतरलो तेव्हा मधेच थांबून मागे वळून पाहिलं, की आपण खरंच इथूनच आलो का.

—

धागाकर्ता परत आलोय. सगळ्यांचे आभार, कागद फाडला.

काल सायकल उलटी केली. हँगर वाकडा आहे, अगदी ताईंनी सांगितला तसा. फ्रेमच्या आतलं अंतर १३५ मिमी, फ्रीव्हील आट्यांचं, दांडी बिनआट्यांची. डिस्कवर तेलाचा थर होता, तो मीच चेनला तेल घालताना उडवलेला. तारा, नळ्या, पॅड आणि टायर एवढं घेणार आहे. ग्रिप आणि पेडलं चांगली घेणार, ती पुढच्या सायकलीवरही जातील. बाकी पैसे बाजूला.

स्टिकरचं विचारलं होतंत. शॉकअपच्या डाव्या पायावर, आतल्या बाजूला, वाळलेल्या चिखलाखाली होता. ओल्या फडक्याने पुसून वाचला. येत्या रविवारी मित्र दगडी उताराला जाणार आहेत, मी खालच्या मातीच्या वाटेने जाऊन पायथ्याशी थांबतो म्हणून कळवलंय.