ग्वेन राव्हेरा यांच्या लाकडी ठशांतल्या करड्या छटा

प्रश्न: लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरून छापणाऱ्या इंग्रज चित्रकार ग्वेन राव्हेरा यांच्या छापचित्रांत नदीचं पाणी, हिवाळ्यातलं फिकं ऊन अशा करड्या छटा दिसतात. शाई मात्र एकच, काळी. मी लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर) तेवढ्या बारीक रेषा काढल्या की कडा तुटतात आणि छापताना खाचा बुजतात. चूक कुठे होते? त्या हे शिकल्या कोणाकडे?

प्रतिसाद १: लिनो मऊ, त्यात अशी रेघ टिकणारच नाही. लाकूड खोदकामात बॉक्सवुड या कठीण, घट्ट लाकडाच्या झाडाचं खोड आडवं कापून घेतात. त्या कापावर तंतू उभे राहतात, म्हणून हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच चालतं आणि केसाएवढी रेघही टिकते. झाड बारीक असल्यामुळे मोठा ठोकळा तुकडे जोडूनच करावा लागतो. उंची छापखान्यातल्या खिळ्याएवढी (अक्षराच्या धातूच्या ठशाएवढी), सुमारे २३.३ मिमी, म्हणजे मजकुराबरोबर चित्रही छापता येतं.

ठोकळ्याला आधी काळ्या शाईचा पातळ हात देतात. मग कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. करडा येतो तो रेषांची जाडी आणि त्यांच्यामधलं अंतर बदलून. ठोकळा वाळूच्या चामडी उशीवर ठेवून डाव्या हाताने फिरवायचा, उजवा हात स्थिर. वळणदार रेघ ठोकळा फिरवूनच निघते. हत्यार फार उभं धरलं तर रुततं, फार आडवं धरलं तर घसरतं.

प्रतिसाद २: शिकण्याबद्दल. जन्म १८८५, केंब्रिज. चार्ल्स डार्विन यांची नात. १९०८ मध्ये स्लेड कला विद्यालयात दाखल झाल्या, पण खोदकामाचे पहिले धडे मिळाले एलिनॉर डार्विन (माहेरच्या मॉन्सेल) यांच्याकडून, चुलतभावाच्या पत्नीकडून. १९२० मध्ये सोसायटी ऑफ वुड एन्ग्रेव्हर्स ही लाकूड खोदकाम करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पती, चित्रकार जाक राव्हेरा, १९२५ मध्ये वारले. ‘डार्विनची नात’ एवढीच ओळख त्यांच्यावर अन्याय करते; इंग्लंडात खोदकाम छापखान्याच्या कारागिरीतून चित्रकाराच्या स्वतंत्र माध्यमात आलं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९५१ मधल्या पक्षाघातानंतर खोदकाम थांबलं.

प्रतिसाद ३: खाचा बुजण्याचं कारण बहुतेक वेळा शाई. ती घट्ट हवी आणि रूळावर अगदी पातळ थर. जाड थर एकदम देण्यापेक्षा पातळ थर दोन-तीनदा द्यावा. कागद गुळगुळीत, पातळ, कोरडा. मागून चमच्याच्या पाठीने घासला तरी छाप उमटते. छापून झाल्यावर टर्पेंटाइनने पुसा. पाण्याने धुतलं तर लाकूड फुगतं, ठोकळा वाकतो. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवला तर जोड उघडतात.

प्रश्नकर्ता: आणि रेघ चुकलीच तर?

प्रतिसाद १: दबलेली जागा असेल तर पाण्याचा एकच थेंब टाकून थांबा, तंतू फुगून वर येतात. कोरून गेलेली रेघ मात्र अशी भरत नाही. तिथे भोक पाडून त्याच लाकडाची खुंटी घट्ट ठोकायची, माथा सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचं.