प्रभुभोजनाचा प्याला: द्राक्षारस, साधा रस की दोन्ही?

वडीलमंडळ_सचिव
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीला) आंबवलेला द्राक्षारस आणि एकच प्याला अशी रीत आहे. दारू सोडलेले काही सभासद प्याला आला की तसाच पुढे देतात. वडीलमंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्रभूने दिला तो द्राक्षारसच. दुसरा म्हणतो, दारूचा थेंबही पाप. वचनाचा आधार आणि प्रत्यक्ष सोय, दोन्हींवर जाणकारांनी लिहावं.

वचनवाचक
दोन्ही तटांनी अर्धंच वाचलंय.

पवित्र शास्त्र द्राक्षारसाला सरसकट पाप म्हणत नाही. स्तोत्र 104:15 मध्ये तो देवाचं दान आहे. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्या सहा रांजणांचं माप काढलं तर साडेचारशे ते सातशे लिटर भरतं. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगतो (1 तीमथ्य 5:23). 'तो साधा रसच होता' हे टिकत नाही. द्राक्षांची तोडणी उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि येशूचं शेवटचं भोजन ज्या सणात झालं तो वल्हांडण वसंतात. सालीवरच्या यीस्टमुळे रस दोन-तीन दिवसांत फसफसू लागतो; उष्णतेने निर्जंतुक करून बंद ठेवण्याची रीत माहीत नसताना तो एवढे महिने गोड कसा राहणार? आणि करिंथात प्रभुभोजनालाच काही जण झिंगत होते (1 करिंथ 11:21), ते काय रस पिऊन?

आता दुसरी बाजू. त्या काळी द्राक्षारसात पाणी घालून पिण्याची सर्रास चाल होती. 2 मक्काबी या जुन्या यहुदी ग्रंथात (15:39) नुसता द्राक्षारस अपायकारक म्हटलाय. ऊर्ध्वपातन केलेली 40 टक्क्यांची दारू तर तेव्हा नव्हतीच. त्यामुळे काना दाखवून व्हिस्कीची बाटली उघडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पिऊन झिंगण्याला इफिस 5:18 मध्ये स्पष्ट मनाई आहे. नीतिसूत्रे 23:29-35 मध्ये तर व्यसनाची लक्षणंच लिहिलीत: विनाकारण जखमा, लाल डोळे, मार बसला तरी कळत नाही, आणि शुद्धीवर येताच पुन्हा तेच हवं.

तुमच्या प्रश्नाला लागू पडतं ते रोम 14:21. ज्यानं भाऊ अडखळतो ते न पिणं बरं. पिणारा पापी ठरत नाही, पण सूट सोडायची ती विश्वासात सबळ असलेल्यानं.

सातवा_रांजण
वरचं मान्य, पण पूर्ण वर्ज्य करणाऱ्यांना अडाणी समजू नका. द्राक्षारस न पिण्याचं व्रत घेणारे नाजीर (गणना 6:3) आणि पूर्वजाच्या आज्ञेनं तो न पिणारं रेखाबी घराणं (यिर्मया 35) यांचा आदर शास्त्रच करतं. साल्वेशन आर्मीचे सैनिक मद्य न पिण्याची शपथ घेतात, सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ज्यच मानतात. मेथडिस्टांमध्ये रस रुजला त्याला 1869 साल कारण: थॉमस वेल्च या दंतवैद्याने बाटलीबंद रस उष्णतेनं निर्जंतुक करून न आंबता टिकवला, तोही प्रभुभोजनासाठीच. चूक होते ती आपली शपथ दुसऱ्याच्या तारणाची अट केली की.

प्याला_व्यवस्था
सोयीचं सांगतो. छोट्या पेल्यांचं 40 भोकांचं तबक घ्या. पेल्यात 8 मिलि पुरे. शंभर जणांना 800 मिलि, सांडलवंड धरून एक लिटर.

दोन्ही ठेवायचं असेल तर द्राक्षारस लाल आणि रस पांढऱ्या द्राक्षांचा घ्या. मधल्या वर्तुळात रस, बाहेर द्राक्षारस. दोन्ही लाल असले की वाढणाराच गोंधळतो. ओतायचं भांडं आणि नरसाळं वेगळं, रस आधी भरा. विधीआधी सर्वांना एकदाच सांगा, 'आत रस आहे, हवा त्यानं घ्यावा.' कुणाला बाजूला बोलावून विचारू नका; नेमकी तिथेच माणसं दुखावतात.

रस घरी काढलात तर 80-85 अंशांवर काही मिनिटं तापवून उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरमच भरा. बाटली फोडल्यावर फ्रिजमध्ये 4 अंशांना ठेवून पाच-सहा दिवसांत संपवा. झाकण उघडताना फस्स झालं किंवा कडेला बुडबुडे दिसले तर आंबायला लागलाय, टाका. रविवारचा उरलेला रस बाहेरच्या कपाटात ठेवून पुढच्या महिन्यात वापरणं ही नेहमीची चूक.

वेदीसेवक
हे प्रोटेस्टंट मंडळ्यांपुरतं. कॅथलिकांत द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला हवा (चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन 924). भाविकाला अडचण नाही, कारण नुसत्या भाकरीच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद पूर्णच असतो. अडचण धर्मगुरूंची. त्यांना बिशपांच्या परवानगीनं 'मुस्टुम' वापरता येतं: ताजा, किंवा गोठवण्यासारख्या उपायानं आंबणं थांबवलेला रस. बाजारातला तापवलेला रस मुस्टुम म्हणून चालत नाही.

वडीलमंडळ_सचिव
आभार. दोन प्रश्न: भाकर द्राक्षारसात बुडवून दिली तर? आणि 'अल्कोहोलमुक्त' वाईन?

प्याला_व्यवस्था
दोन्ही नको. बुडवलेल्या भाकरीत द्राक्षारस असतोच. 'अल्कोहोलमुक्त' वाईन आंबवून मग अल्कोहोल काढलेली असते. अर्ध्या टक्क्यापर्यंत उरू शकतं, आणि वास-चव वाईनचीच.

आकडाही बघा. 12 टक्क्यांच्या द्राक्षारसाचा 5 मिलिचा घोट म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल. त्यानं कुणी झिंगत नाही, म्हणूनच 'एवढ्यानं काय होतंय' असं म्हटलं जातं. पण व्यसन सुटलेल्याला धोका त्या चवीतून तल्लफ जागी होण्याचा असतो. शिवाय डायसल्फिरम (दारू सोडवण्यासाठीची गोळी) घेणाऱ्याला थोड्या मद्यानंही चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत. कोण ही गोळी घेतंय ते मंडळीला माहीत असण्याचं कारणही नाही. म्हणून मधलं वर्तुळ प्रत्येक प्रभुभोजनाला भरा, कुणी मागितलं नाही तरी.

वचनवाचक
आणि वडीलमंडळात ठराव करताना 1 तीमथ्य 3:3 आणि 3:8 वाचा. मद्यपी नसावा ही अट आधी अध्यक्षाला आणि सेवकालाच आहे. मंडळीच्या जेवणावळीत वडीलच पेला भरून बसणार असतील, तर प्याल्यात रस ओतून फार काही साधणार नाही.