जुन्या चादरीतून मावळ्याचा अंगरखा शिवायचा आहे, मदत हवी आहे

६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला आम्ही काही मित्र मावळ्यांच्या वेशात जाणार आहोत. भाड्याचे चकचकीत सॅटिनचे पोशाख नको आहेत. १६७४ सालच्या साध्या शिपायाच्या अंगावर सुतीच असणार, म्हणून जुन्या बाजारातून सुती चादरी, धोतरं आणि एक सोलापुरी चादर आणली आहे. धागा जाळून पाहिला. ज्याची गाठ झाली ते टेरिकॉट बाजूला काढलं.

अडचण अंगरख्याची आहे. काखेत चौकोनी बगल (कापडाचा जोड तुकडा) लावल्याशिवाय तलवारीचा हात वर जात नाही, कापड दंडावर ताणून उसवतं. ही बगल तिरक्या कापडाची घ्यायची का? अंगरखा बांधायचे बंद (नाड्या) डाव्या बाजूला की उजव्या? जुन्या चित्रांत दोन्ही दिसतात.

रंगासाठी कात आणि हिरडा वापरायचा विचार आहे. पण जूनमध्ये गडावर पाऊस धो धो असतो. तुरटी लावून तो रंग टिकेल का? आणि छातीवर गोधडीसारखे थर टाचले, तर भिजून फार जड होईल का?

कुणी स्वतः शिवलं असेल तर कृपया मापं आणि फोटो टाका.