दीनबंधू आणि मूकनायक राहून गेले

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगताना इथे 'दर्पण' (1832) पासून थेट 'केसरी' (1881) पर्यंत उडी मारली गेली आहे, म्हणून थोडी भर घालतो. बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी असा छापला जायचा. म्हणजे तो रयतेइतकाच साहेबालाही उद्देशून होता. सुरुवातीला पाक्षिक, मग साप्ताहिक, आणि 1840 मध्ये बंद.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'दीनबंधू'. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये, म्हणजे 'केसरी'च्याही आधी, तो पुण्यात सुरू केला. सत्यशोधक समाजाच्या विचारांचं हे पत्र. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत नेलं आणि गिरणी कामगारांचे हाल त्यात येऊ लागले. याच लोखंड्यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीसाठी झुंज दिली. 1890 मध्ये ती मिळाली. हे पत्र नसतं तर गिरणगावाची ही बाजू तेव्हा छापून कुठे आली असती?

तीच गोष्ट 'मूकनायक'ची. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी हे पाक्षिक काढलं, शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. शीर्षभागी तुकोबांच्या ओळी असत. पत्र फार काळ टिकलं नाही, तरी पुढे 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' आलंच. वृत्तपत्रांचा इतिहास मांडताना कोणी काढलं याइतकंच कोणासाठी काढलं हेही लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.