बांधावरच्या वडावर वटवाघळांची वस्ती आहे. निपाहच्या भीतीने वड तोडावा का?

बागाईतदार, निफाड तालुका

नमस्कार. आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर आजोबांच्या काळापासूनचा वड आहे आणि त्यावर मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. केरळमधील निपाह या वटवाघळांतून येणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या बातम्या वाचल्यापासून गावात भीती वाढली असून, सिंहस्थाच्या गर्दीआधी वड तोडावा किंवा निदान फटाके वाजवून वटवाघळे हाकलावीत, असा काही मंडळींचा आग्रह आहे. बागेत मजुरांची कुटुंबे मुलाबाळांसह राहतात, त्यामुळे ही काळजी मला झटकून टाकता येत नाही. रोग माणसापर्यंत नेमका कसा पोहोचतो आणि वटवाघळांनी उष्टावलेल्या घडांचे काय करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

निवृत्त प्राध्यापिका (प्राणिशास्त्र), नाशिक रोड

वड तोडू नका आणि फटाकेही वाजवू नका. झाडाखालून ये-जा करणे हा निपाहच्या संसर्गाचा ओळखलेला मार्ग नाही. विषाणू वटवाघळाच्या लाळेतून आणि मूत्रातून बाहेर पडतो आणि माणसापर्यंत येण्यासाठी त्याला बहुधा मधला दुवा लागतो. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांच्या गोठ्यांलगत आंब्यासारखी फळझाडे लावलेली होती. वटवाघळांची अर्धवट खाल्लेली फळे गोठ्यात पडली, ती डुकरांनी खाल्ली आणि डुकरांपासून रोग माणसांत आला. शंभरावर माणसे दगावली आणि सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली. बांगलादेशात हाच विषाणू हिवाळ्यात खजुरीच्या कच्च्या रसातून येतो, कारण रात्री झाडाला लावलेल्या मडक्यावर वटवाघळे रस चाटायला येतात. तेथे झाडे न तोडता, मडक्याच्या तोंडाशी बांबूच्या चटईचे आच्छादन बांधण्याचा उपाय पुढे आला आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

हाकलण्याविषयी ऑस्ट्रेलियाचा अनुभव लक्षात घ्यावा. तेथे निपाहचा जवळचा नातलग असलेला हेंड्रा विषाणू १९९४ पासून घोड्यांमार्फत माणसांत येत आहे. वटवाघळांना हिवाळ्यात खाद्य देणारी जंगले कमी झाल्यावर ती वस्तीजवळच्या शेतांकडे सरकली, आणि उपासमारीच्या काळानंतर घोड्यांना लागण होण्याच्या घटना वाढल्या. ज्या हिवाळ्यात जंगलात भरपूर फुलोरा आला, तेव्हा त्या थांबल्या. आसरा मोडलेली वटवाघळे नाहीशी होत नाहीत, ती विखुरतात आणि घराजवळच्या झाडांवर येतात. शिवाय मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे उद्ध्वस्त झालेली वस्ती लवकर सावरत नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या मोहाचे परागीभवन आणि बीजप्रसार हीच वटवाघळे करतात, हेही ग्रामस्थांना जरूर सांगा.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण भाग

प्राध्यापिकाबाईंशी मी सहमत आहे, मात्र महाराष्ट्राने निर्धास्त राहावे असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या काही वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. त्या वटवाघळांचा विषाणूशी पूर्वी संबंध आला होता, एवढाच त्याचा अर्थ. माणसांत साथ असल्याचे त्यातून दिसत नाही.

मला अधिक चिंता रुग्णालयांची वाटते. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत आणि २०१८ मध्ये केरळमधील कोळिकोडमध्ये निपाहच्या साथीत बहुतेकांना लागण झाली ती रुग्णाच्या निकट सहवासातून, आणि त्यात रुग्णालयांचा वाटा मोठा होता. कोळिकोडच्या साथीत रुग्णसेवा करताना परिचारिका लिनी पुतुशेरी यांचा मृत्यू झाला. लक्षणे साधारणतः चार ते चौदा दिवसांत दिसतात: ताप, डोकेदुखी, उलट्या, कधी श्वास लागणे आणि नंतर मेंदूला सूज येऊन गुंगी किंवा झटके. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ४० ते ७५ टक्के रुग्ण दगावतात आणि मान्यताप्राप्त लस अद्याप नाही. म्हणून तापासोबत रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर घरी थांबू नये, आणि तो कोठून प्रवास करून आला, त्याचा वटवाघळांशी किंवा आजारी माणसाशी संपर्क आला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. सिंहस्थाला देशभरातून भाविक येतील, तेव्हा प्रवासाचा हा प्रश्न प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात विचारला गेलाच पाहिजे.

द्राक्ष उत्पादक, दिंडोरी

आम्ही बागेवर जाळी ताणून बसवतो. सैल जाळीत वटवाघूळ अडकते आणि सोडवताना मजुराच्या हाताला चावते, म्हणून ताण महत्त्वाचा. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. उष्टावलेले घड पेटीत भरायचे नाहीत, नुसते धुऊन खायचे नाहीत आणि शेळ्या-गुरांपुढेही टाकायचे नाहीत. हातमोजे घालून ते खड्ड्यात पुरावेत. मजुरांच्या मुलांना खाली पडलेली फळे उचलायची सवय असते, त्यांना हे प्रेमाने आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

बागाईतदार, निफाड तालुका

सर्वांचे आभार. वडाच्या खाली मजुरांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, तिला झाकण नाही. ते या आठवड्यात बसवतो आणि ग्रामसभेत हे उत्तर वाचून दाखवतो. वैद्यकीय अधिकारी साहेब, सभेला येणे तुम्हाला जमेल का?