बडोद्याच्या मराठीतला चित्रपट: गुंतवणूकदाराच्या अटी मान्य कराव्यात का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा)
नमस्कार. सुमारे नव्वद मिनिटांच्या मराठी चित्रपटाची संहिता मी दोन वर्षे खपून लिहिली आहे. वाडा विकायला निघालेल्या दोन बहिणींची ही गोष्ट असून, आमच्या घरांत बोलतात तसेच, मध्येच गुजराती शब्द येणारे मराठी त्या बोलतात. परिचयातले एक व्यावसायिक पंचवीस लाख रुपये घालायला तयार आहेत. मात्र भाषा पुण्याची हवी आणि धाकटीच्या भूमिकेत ओळखीचा चेहरा हवा, अशा त्यांच्या दोन अटी आहेत. माझी स्वतःची शिल्लक सहा लाखांची आहे. थोरली जिथे "ओटल्यावर बस जरा" म्हणते, तिथे मी "ओट्यावर" असे लिहून पाहिले आणि ती बाई मला परकी वाटू लागली. पैसे नाकारणे हा निव्वळ हट्ट ठरेल का, हे अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे.

पहिला प्रतिसाद
मी बडोद्यातच ध्वनिमुद्रणाचे काम करतो. भाषेची अट मान्य करू नका, कारण ती गेली की चित्रपटात तुमचे असे काही उरणार नाही. त्यापेक्षा चित्रपटच सहा लाखांत बसेल असा आखा. कॅमेरा हल्ली बेताच्या भाड्यात मिळतो. खरा पैसा जातो तो माणसांच्या दिवसांवर, म्हणजे त्यांचे मानधन, जेवण, प्रवास आणि मुक्काम यांवर. आसामच्या रीमा दास यांनी 'व्हिलेज रॉकस्टार्स' आपल्याच छायगाव या गावी, तिथल्याच मुलांना घेऊन, लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन स्वतः करून काही वर्षांत पुरा केला आणि २०१८ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांनी पैशांच्या जागी वर्षे मोजली. तुमची तशी तयारी आहे का, हे आधी ठरवा.

ध्वनीवर मात्र काटकसर करू नका. आम्ही एकदा मांडवीजवळच्या जुन्या घरात नेमके उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, दिवसांत चित्रण ठेवले होते. गच्चीगच्चीवर स्पीकर लागले आणि दोन दिवसांचे सगळे संवाद पुढे डब करावे लागले. ज्या वयस्क बाईंना केवळ आवाजासाठी निवडले होते, त्यांना स्टुडिओच्या काचेमागे उभे राहून तो सूर पुन्हा लागलाच नाही. तुमच्या चित्रपटाचा तर जीवच बोलण्यात आहे.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. सहा लाखांत चित्रपट होतो तो बहुधा मित्रांना मानधन न देता, आणि मित्रांच्या फुकट श्रमांवर मिळवलेले स्वातंत्र्य हे एक कर्जच असते. त्याची नोंद कुठे होत नाही, एवढाच काय तो फरक. जे काम करतील त्यांना थोडे का होईना, पण ठरलेल्या दिवशी द्या.

दुसरे असे की, प्रदर्शनाचा हिशेब आजच मांडा. मल्टिप्लेक्समध्ये तिकिटांच्या करवजा उत्पन्नातला वितरकाचा, म्हणजे चित्रपटाच्या बाजूचा, वाटा साधारणपणे पहिल्या आठवड्याला ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५ आणि पुढे ३० असा उतरत जातो. लहान चित्रपट लोकांच्या तोंडी प्रसिद्धीवर चालतो आणि ती तिसऱ्या आठवड्यात कुठे पसरू लागते, म्हणजे प्रेक्षक वाढतात तेव्हाच आपला वाटा घटलेला असतो. त्यातूनही प्रसिद्धीचा खर्च आणि वितरकाचे कमिशन आधी वजा होते. महाराष्ट्र शासनाचे अनुदान पुरा झालेला चित्रपट तपासूनच मिळते, त्यामुळे ते चित्रीकरणाच्या दिवसांत कामी येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो. स्पष्ट करार केला नाही तर ज्यांनी पैसे घातले ते निर्माते म्हणून मालकी सांगू शकतील आणि तुमच्या ओटल्याचा ओटा ते डबिंगमध्येही करू शकतील. म्हणून त्यांना निर्माते न करता त्यांच्याकडून रक्कम कर्जाऊ घ्यावी किंवा त्यांना नफ्यातला ठरावीक हिस्सा द्यावा आणि अंतिम संकलनाचा अधिकार तुमचाच राहील, हे वकिलाकडून लिहून घ्यावे.

तिसरा प्रतिसाद
मी सत्तरीचा आहे. थोडे जुने सांगतो. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, जिथे आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला गेले आणि १९१३ साली त्यांचा पहिला चित्रपट आला. पुढे १९१८ साली भागीदारांच्या पैशावर कंपनी उभी राहिली आणि मतभेद होऊन काही काळ तेच तिच्यातून बाहेर पडले. कराराबद्दल वर जे लिहिले आहे, ते म्हणूनच मला पटते.

दुसरे उदाहरण शेजारच्या आणंदशी जोडलेले आहे. १९७६ सालच्या 'मंथन' या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. मात्र ते सहकारी संघाचे सभासद आधीपासूनच होते, हे विसरू नका; नुसते आवाहन करून पैसे जमत नाहीत. आपल्याकडच्या मराठी मंडळांच्या सभासदांसमोर संहितेचे वाचन ठेवा. पाच-पाच हजार देणारी पन्नास घरे मिळाली तरी अडीच लाख होतात, आणि त्यांतले कोणीही भाषा बदला असे म्हणणार नाही, कारण ती त्यांच्याच ओटल्यावरची आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. कॉपीराइटची ती बाजू मला ठाऊकच नव्हती. धाकटीच्या भूमिकेसाठी गुंतवणूकदारांनी सुचवलेल्या अभिनेत्रीला भेटायला मी तयार आहे, परंतु ती आमचे बोलणे शिकेल, या अटीवर. संवाद बदलणार नाहीत, हे मी त्यांना रविवारी सांगणार आहे. त्यांनी नकार दिला तर आधी वाचन ठेवीन आणि चित्रण उत्तरायण उलटल्यावरच सुरू करीन.